सोनोग्राफीखाली सुई दिसत नाही: ठाणे–नवी मुंबईतल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. ठाण्यात काम करते आणि नव्या मुलामुलींना सोनोग्राफी बघत ब्लॉक (नसेभोवती भुलेचं औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं) द्यायला शिकवते. घोडबंदर रोड, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेल अशा ठिकाणच्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्यांचे फोन येतात. प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, पण तक्रार एकच असते: नस (नर्व्ह) दिसते, रक्तवाहिनी दिसते, सुई मात्र दिसत नाही. पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. शेवटाकडे रुग्णांचे आणि नर्सिंग होम चालवणाऱ्यांचेही काही प्रश्न घेतले आहेत.

सुई तर स्टीलची असते. मग स्क्रीनवर ठळक का दिसत नाही?

कारण ती फार गुळगुळीत असते. स्नायू, चरबी, यकृत यांचा पोत खडबडीत असतो. त्यांच्यावर ध्वनिलहरी आदळल्या की चहूकडे विखुरतात आणि त्यातल्या थोड्या कुठूनही प्रोबकडे (सोनोग्राफीचा अंगावर टेकवायचा हातातला भाग) परत येतात. सुईवरून मात्र त्या एकाच दिशेला उसळतात. सुई प्रोबच्या तळाला समांतर असेल तर लहरी तिच्यावर काटकोनात पडतात, सरळ माघारी येतात आणि पांढरीशुभ्र रेघ दिसते. सुई तिरपी होत गेली की लहरी दुसरीकडेच निघून जातात. ३० अंशांच्या पुढे रेघ फिकट होऊ लागते आणि ४५ अंशांच्या पुढे बऱ्याचदा नुसता अंदाज उरतो. सुई आत आहे, मशीनही चांगलं आहे, पण तिच्यावरून परतलेला आवाज प्रोबपर्यंत पोचतच नाही.

दुसरं कारण म्हणजे प्रोबची शलाका फार पातळ असते. प्रोब हातात रुंद वाटतो, पण तो शरीराचा जो काप दाखवतो त्याची जाडी फोकसच्या जागी एखाद्या मिलिमीटरच्या आसपास असते, एटीएम कार्डापेक्षा थोडी जास्त. २२ गेजची सुई ०.७ मिलिमीटर जाडीची. म्हणजे कार्डाच्या कडेवर सुई आडवी ठेवून ती ढळू न देता पुढे सरकवायची आहे. हात जरा वळला की सुई कापाबाहेर.

माझा अनुभव असा की न दिसणाऱ्या सुयांपैकी बहुतेक या दुसऱ्या कारणाने दिसत नाहीत, आणि दोष मात्र मशीनला दिला जातो.

सुई दिसते, पण जे दिसतंय ते टोकच आहे हे कशावरून समजायचं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इन-प्लेन पद्धतीत सुई कापाच्या लांबीतून जाते आणि रेघ दिसते. ती थोडी तिरकी गेली तर मधूनच कापाबाहेर पडते. जिथे बाहेर पडते तिथे रेघ संपते, आणि ते संपणं अगदी टोकासारखं दिसतं. खरं टोक तिथून पुढे, अंधारात असतं.

एक उदाहरण सांगते. सुप्राक्लॅव्हिक्युलर ब्लॉक, म्हणजे हात बधिर करायला गळ्याच्या हाडाच्या वर देतात तो, चालला होता. स्क्रीनवर सबक्लेव्हियन धमनीचा काळा गोल ठोके देत होता, त्याच्या खाली पहिल्या बरगडीची पांढरी रेघ, बाजूला श्वासागणिक सरकणारी प्ल्युरा (फुप्फुसाचं आवरण), आणि धमनीच्या कडेला नसांचा काळ्या ठिपक्यांचा घोळका. सुईची रेघ उजव्या कोपऱ्यातून येऊन त्या घोळक्याच्या अलीकडे स्वच्छ संपत होती. शिकणारी मुलगी खूश. पण सुई ५० मिलिमीटरची होती, तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण होती, आणि बाहेर दीड सेंटिमीटरच शिल्लक दिसत होता. म्हणजे साडेतीन सेंटिमीटर आत. स्क्रीनवरची रेघ होती दोन सेंटिमीटरची. त्वचेपासून प्रोबच्या कडेपर्यंतचा अर्धा सेंटिमीटर सोडला तरी एका सेंटिमीटरचा हिशेब लागत नव्हता. "थांब गं, सुई सोड, फक्त प्रोब कलव," एवढंच म्हटलं. प्रोब केसभर कलल्यावर रेघ लांबली आणि टोक दिसलं ते थेट बरगडीपाशी. तिथून फुप्फुसाचं आवरण फार दूर नसतं.

म्हणून माझा आग्रह असतो की बाहेर उरलेली सुई मोजा. खुणा नसलेली सुई असेल तर तिची एकूण लांबी आधीच लक्षात ठेवा. स्क्रीनच्या कडेला डेप्थची मापं असतातच.

खरं टोक ओळखायच्या आणखी दोन खुणा आहेत. बेव्हलचं, म्हणजे सुईच्या तिरक्या कापलेल्या टोकाचं, तोंड प्रोबकडे असेल तर टोकाशी रेघ एकसलग न राहता किंचित तुटक, पायरीसारखी दिसते. बेव्हल बाजूला वळलेलं असेल तर ही खूण जाते, त्यामुळे टोचण्याआधीच ते वर करून घ्या. आणि खरं टोक हललं की त्याच्या समोरचे पापुद्रे दबतात. सुई हलतेय आणि रेघेच्या शेवटाशी काहीच दबत नाही, तर तो सुईचा दांडा समजा, टोक नव्हे.

आउट-ऑफ-प्लेन पद्धतीत सुई कापाला आडवी छेदते, त्यामुळे फक्त ठिपका दिसतो, आणि दांड्याचा कुठलाही छेद तसाच ठिपका दाखवतो. तिथे एकच मार्ग: सुई जातेय त्या दिशेने प्रोब पुढे सरकवा. ठिपका नाहीसा झाला म्हणजे टोक मागे राहिलं. आता सुई थोडी पुढे, ठिपका पुन्हा उमटेल, तेच टोक. मग प्रोब, मग सुई, असं एकाआड एक जायचं.

सुई हरवली तर आधी काय करायचं?

आधी थांबायचं. सुई पुढेही नाही आणि मागेही नाही.

मग स्क्रीनवरून नजर काढून हाताकडे बघा. हे कुणाला करवत नाही, सगळे स्क्रीनलाच चिकटून राहतात. वरून बघितलं की सुई प्रोबच्या मध्यरेषेत आहे की बाजूला गेली आहे हे साध्या डोळ्यांना कळतं. नव्या मुलांची निम्मी अडचण इथेच मिटते.

त्यानंतर प्रोब हलवा, पण एका वेळी एकच हालचाल. आधी आडवा सरकवून बघा. रेघेचा थोडाच भाग दिसत असेल तर प्रोब जागच्या जागी फिरवा. मग कलवून बघा. सरकवणं, फिरवणं, कलवणं एकदम केलंत तर काय केल्याने दिसली हेही समजत नाही. सुई आणि प्रोब दोन्ही एकाच वेळी हलवणं ही सर्वांत मोठी चूक. दोघांपैकी एकजण स्थिर पाहिजे.

सुई मध्यरेषेत आहे आणि तरी फिकट आहे, तर अडचण कोनाची. सुईपासून लांबची प्रोबची कड थोडी दाबा, म्हणजे प्रोबचा तळ सुईला समांतर व्हायला लागतो. रुग्ण जागा असेल तर आधी सांगा, "काका, थोडं दाबल्यासारखं वाटेल." एवढं करूनही दिसली नाही, तर सुई जागच्या जागी अगदी हलकी पुढेमागे करून आजूबाजूचं काय हलतंय ते बघता येतं. मी हा उपाय शेवटी ठेवते, कारण ज्या टोकाचा पत्ता नाही ते हलवणं मला मान्य नाही, आणि नसेजवळ तर मुळीच नाही.

मशीनवर कुठली बटणं बघायची?

डेप्थ कमी करा. लक्ष्य दोन सेंटिमीटरवर असताना सहा सेंटिमीटरचं चित्र कशाला? फोकस लक्ष्याच्या पातळीवर आणा. गेन (चित्राचा उजळपणा) कमी करून बघा. सगळं पांढरं दिसलं की चित्र चांगलं आलं असं वाटतं, पण पांढऱ्यात पांढरी सुई हरवते. वरवरच्या कामाला लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब, साधारण ६ ते १३ मेगाहर्ट्झचा. खोल कामाला कर्व्हिलिनिअर (गोलसर तोंडाचा), २ ते ५ मेगाहर्ट्झचा.

बऱ्याच नव्या मशीनमध्ये सुई ठळक करण्याचं खास बटण असतं. ते दाबल्यावर मशीन काही लहरी तिरक्या सोडतं, म्हणजे तिरप्या सुईवर त्या काटकोनाच्या जवळ पडतात. फायदा खरा आहे, पण दोन अटींवर. सुई कापातच असली पाहिजे, कापाबाहेरची सुई कुठलंही बटण आणून देत नाही. आणि लहरी कलायची दिशा सुईच्या बाजूला जुळलेली पाहिजे. सुई डावीकडून आणि लहरी उलट बाजूला, असं असेल तर बटण लावून काही दिसणार नाही, आणि मग "हे बटण बिनकामाचं आहे" असा शेरा ऐकू येतो.

महागाच्या एकोजेनिक सुया घ्याव्यात का?

तिरप्या आणि खोल कामासाठी घ्या. वरवरच्या ब्लॉकसाठी माझ्या मते गरज नाही.

या सुयांच्या टोकाजवळ बारीक खाचा किंवा खळगे असतात, काहींवर बारीक बुडबुडे धरून ठेवणारा थर असतो. त्यामुळे लहरी एकाच दिशेला न उसळता थोड्या प्रोबकडेही परततात. तिरप्या कोनात फरक जाणवतो. सुई जेमतेम २० अंशांत असेल तर साधी सुईसुद्धा चकचकीत दिसते.

लहान हॉस्पिटलांत ब्लॉकची सुई नसली की २५ गेजची स्पायनलची सुई वापरली जाते. ती ०.५ मिलिमीटरची, आत गेल्यावर वाकते, आणि वाकलेली सुई कापात ठेवणं अवघड जातं. १८ गेजची टुही सुई (एपिड्युरलची, जाड) उठून दिसते, पण रुग्णाला जास्त टोचते. मला २२ गेज मधला मार्ग वाटतो. आणि एकोजेनिक सुई हातात आहे म्हणून प्रोब धरायला शिकायचं टाळू नका. काप चुकला की तीही दिसत नाही.

थोडं सलाईन सोडून टोक शोधतात, ते बरोबर आहे का?

बरोबर आहे आणि फार उपयोगी आहे. अर्धा ते एक मिलिलिटर सलाईन हळू सोडलं की टोकापाशी काळी जागा उघडते आणि काळ्यावर पांढरं टोक लगेच दिसतं. नर्व्ह स्टिम्युलेटर (सौम्य विजेने नस शोधणारं यंत्र) लावला असेल तर सलाईनऐवजी ५ टक्के डेक्स्ट्रोज घ्या, सलाईनने स्नायूंची हालचाल दबते.

सुई आणि एक्स्टेन्शन ट्यूबमधली हवा आधी पूर्ण काढा. हवेचा एक बुडबुडा आत गेला की त्याच्या खालचं सगळं झाकोळतं, आणि ते चित्र त्या बैठकीत सहसा सुधारत नाही.

सोडलेलं पाणी स्क्रीनवर कुठेच पसरताना दिसलं नाही तर लगेच थांबा. टोक कापाबाहेर असेल किंवा रक्तवाहिनीत असेल. भुलेचं औषध सोडताना हे डोळ्यांत तेल घालून बघायचं, कारण तेच औषध रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात आणि हृदय बंद पडू शकतं. मागे ओढून रक्त आलं नाही एवढ्यावर विसंबू नका. आणि सोडताना हाताला जोर लागत असेल तर दाबू नका, टोक नसेत असू शकतं.

रुग्ण जाड असेल तर?

दोन्ही अडचणी एकदम येतात. लक्ष्य खोल असल्याने सुई तिरपी जाते, आणि चरबीचे पांढरे पापुद्रे सुईच्या रेघेसारखेच दिसतात. प्रोबला अगदी चिकटून टोचू नका. दोन-तीन सेंटिमीटर लांबून टोचलं की सुई आडवी होते आणि दिसते. त्यासाठी १०० मिलिमीटरची सुई आधीच काढून ठेवा. प्रोबने दाब दिला की लक्ष्य थोडं वर येतं. मात्र दाबाने शिरा पूर्ण मिटतात, तेव्हा मध्येच दाब सैल करून वाटेत शीर नाही ना हे बघून घ्या.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) घालताना इन-प्लेन की आउट-ऑफ-प्लेन?

इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २००२ मध्ये सेंट्रल लाइनसाठी, त्यातही मानेतल्या इंटर्नल जुग्युलर व्हेनसाठी, सोनोग्राफी वापरण्याची शिफारस केली. सोनोग्राफी हवी हा वाद आता राहिलेला नाही. पद्धतीचा आहे.

मान आखूड असते, प्रोब आडवा ठेवला की शीर आणि कॅरोटिड धमनी शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून बरेच जण आउट-ऑफ-प्लेन जातात. मीही जाते. धोका एवढाच की दांड्याच्या ठिपक्याला टोक समजलं तर सुई शिरेची मागची भिंत भेदून जाते. वर सांगितलेली प्रोब-सुई-प्रोबची चाल इथे सक्तीची समजा. गाइडवायर (नळीला वाट दाखवणारी तार) घातल्यावर डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) उचलायच्या आधी प्रोब उभा ठेवून वायर शिरेतच आहे हे बघा. धमनीत डायलेटर जाण्यापासून वाचवणारी पायरी आहे ती.

बायोप्सी आणि पोटातलं-छातीतलं पाणी काढताना वेगळं काय?

पाणी काढणं सोपं, काळ्या पाण्यात सुई छान दिसते. छातीत बरगडीच्या वरच्या कडेवरून जायचं, पोटात आधी कलर डॉपलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावून वाटेतली रक्तवाहिनी बघायची.

बायोप्सीची गोष्ट निराळी. बायोप्सी गनचा (तुकडा काढणाऱ्या स्प्रिंगच्या सुईचा) खटका दाबल्यावर सुई सुमारे दोन सेंटिमीटर पुढे उडते. खटका दाबण्याआधीचं टोक दिसणं पुरेसं नाही, ते जिथे जाऊन थांबणार ती जागाही स्क्रीनवर मोजलेली हवी. स्तनाच्या गाठीत सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवा. ती दिसतेही छान आणि फुप्फुसाकडे जातही नाही. यकृताच्या वेळी "मावशी, श्वास धरा" हे ऐनवेळी सांगण्यापेक्षा आधी दोनदा करवून घ्या.

सराव कशावर करायचा? सिम्युलेटर परवडत नाही.

घरी करता येतं. एक लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम जिलेटिन, गरम पाण्यात विरघळवून घ्यायचं. त्यात मेडिकलमध्ये मिळणाऱ्या इसबगोलचे एक-दोन मोठे चमचे घातले की काळ्या पोकळीऐवजी शरीरासारखा करडा पोत येतो. फेस चमच्याने काढून टाका, नाहीतर बुडबुडे दिसत राहतात. प्लॅस्टिकच्या डब्यात अर्धं ओता, सेट झाल्यावर त्यावर पाण्याने भरलेला लांबट फुगा किंवा सलाईनची नळी ठेवा, उरलेलं कोमट करून वर ओता आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ठाण्याच्या मे महिन्यात हा ठोकळा बाहेर काढल्यावर लवकर लुळा पडतो, तेव्हा डब्याखाली आइस पॅक ठेवा. जिलेटिन प्राणिज असतं. ज्यांना ते घरात नको त्यांनी चायना ग्रास वापरावं, पण ते ठिसूळ असतं आणि सुईच्या जुन्या वाटा त्यात दिसत राहतात.

जेलीत सुई फसवी चांगली दिसते. म्हणून पुढच्या टप्प्याला कोंबडीच्या छातीचा मोठा तुकडा आणा. त्यात खरे पापुद्रे असतात आणि सुई माणसातल्यासारखीच हरवते. प्रोबला कव्हर घाला, नंतर नीट पुसा, आणि सरावाच्या सुया वेगळ्या डब्यात, रुग्णांच्या सामानापासून लांब.

सराव करताना दिवस मोजू नका. दर वेळी स्वतःला एकच विचारा: सुई पुढे गेली तो प्रत्येक क्षण टोक दिसत होतं का?

ओटी लहान आहे. मशीन कुठे ठेवायचं?

तुमच्या समोर, रुग्णाच्या पलीकडे. डोळे, हात, सुई आणि स्क्रीन एका रेषेत. मान वळवून स्क्रीन बघितली की प्रोबचा हात नकळत फिरतो. आपल्याकडच्या जुन्या इमारतींतल्या नर्सिंग होममध्ये टेबल भिंतीला लागलेलं असतं आणि मशीन सोयीसाठी पाठीमागे ठेवतात. टेबल फूटभर ओढायला लावा, संकोच करू नका. वरचे दिवे मंद करा. प्रोबच्या हाताची करंगळी रुग्णाच्या अंगावर टेकवून ठेवा, म्हणजे प्रोब घसरत नाही.

औषध सोडणाऱ्या सिस्टरांशी शब्द आधी ठरवा. मी "अर्धा", "थांबा" आणि "मागे ओढा" एवढे तीनच वापरते. "हं, चालेल, अजून थोडं" यातून कुणाला नेमकं काही कळत नाही.

प्रोबला कव्हर घातल्यावर चित्र बिघडतं.

कव्हर आणि प्रोबमध्ये हवा राहिली आहे. आत जेल भरपूर घाला, सुरकुत्या ताणून घ्या. बाहेरून निर्जंतुक जेल, टेबलावरच्या मोठ्या बाटलीतलं नाही.

आमच्याकडे ब्लॉकसाठी पोर्टेबल मशीन घ्यायचं आहे. त्यालाही पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याची) नोंदणी लागते?

लागते. व्हिएन्नाच्या काप्राल आणि सहकाऱ्यांनी नसेच्या ब्लॉकसाठी सोनोग्राफीचं चित्र वापरल्याचं १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी आपल्या संसदेत हा कायदा मंजूर झाला. "आम्ही गर्भ बघतच नाही" हे कारण कायद्यात चालत नाही. गर्भ बघू शकणारं प्रत्येक मशीन नोंदवावंच लागतं. लिंगनिदान केलं जात नाही हा फलक मराठीतही हवा. पोर्टेबल मशीन गाडीत टाकून ठाण्याहून ऐरोलीला आणि तिथून वाशीला नेता येत नाही. फिरत्या भूलतज्ज्ञांची यात अडचण होते हे मला ठाऊक आहे, पण मुलींच्या जिवासाठी केलेला कायदा आहे, तो पाळूनच काम करायचं. मशीनची ऑर्डर देण्याआधी आपल्या महापालिकेच्या आरोग्य विभागात कागदपत्रं विचारून घ्या.

मी रुग्ण आहे. यात रेडिएशन असतं का? आणि सुई दिसते म्हणजे धोका नाही ना?

रेडिएशन नसतं, फक्त ध्वनिलहरी असतात. धोका कमी होतो, संपत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर न विचारताही सांगा. आणि डॉक्टर मध्येच थांबून नुसताच प्रोब हलवत राहिले तर घाबरू नका, ते टोक शोधत असतात.

किती वेळ शोधायचं? सोडून कधी द्यायचं?

सुई पूर्ण बाहेर काढून, नव्या जागेतून, वेगळ्या कोनातून एकदा प्रयत्न करा. तरीही टोक दिसत नसेल, आणि जवळ प्ल्युरा, मोठी धमनी किंवा आतडं असेल, तर तो ब्लॉक किंवा ती बायोप्सी तुम्ही आज करू नका. ब्लॉकला पर्याय असतो: दुसऱ्या पातळीवरचा ब्लॉक, स्पायनल, पूर्ण भूल. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेलं असेल तर कुणी तक्रार करत नाही. बायोप्सीला बहुतेक वेळा तासाभराची घाई नसते. जास्त सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टला फोन करा, त्यांची दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ घ्या, आणि कुठून प्रयत्न केला, कितपत खोल गेलात आणि कुठे थांबलात हे केसपेपरवर स्पष्ट लिहा.